वजन खाली, बटणं हाताशी : व्हीलचेअरवरून काम करणाऱ्यासाठी घरातला डेस्कटॉप

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी काही घेतले आहेत.)



आजचा विषय वरवर अगदी साधा आहे. घरात डेस्कटॉप कॉम्प्युटर कुठे आणि कसा ठेवायचा? दुकानातला मुलगा येतो, खोका फोडतो, कॅबिनेट टेबलाखाली सरकवतो, वायरी जोडतो, चालू करून दाखवतो आणि चहा घेऊन जातो. अर्ध्या तासाचं काम. ज्याला वाकता येतं, टेबलाखाली डोकं घालता येतं, त्याचं यात काही अडत नाही. व्हीलचेअरवर बसणाऱ्याचं मात्र पहिल्याच दिवशी अडतं. बटण टेबलाखाली, यूपीएस त्याच्याही मागे, प्लग भिंतीच्या कोपऱ्यात. मग चालू करायला कुणाला तरी हाक मारा, बंद करायला परत हाक मारा. घरची माणसं रानात गेलेली असली की दिवसभर मशीन झाकलेलंच.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत घरून करण्यासारखं कॉम्प्युटरचं काम पुष्कळ आहे. डीटीपी, ऑनलाइन अर्ज भरून देणं, दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब, शिकवण्या, रांजणगाव नाहीतर कुरकुंभ एमआयडीसीतल्या लहान पुरवठादारांची बिलं. शिरूर पुणे-नगर रस्त्यावर, दौंड तर रेल्वेचं जंक्शन. हिंडत्याफिरत्या माणसाला रोज पुण्याला जाऊन येता येतं. ज्याला एसटीची पायरी चढता येत नाही, त्याला घरातली जागाच कामाची करावी लागते. म्हणून ती जागा चुकली तर गैरसोय होते एवढ्यावर भागत नाही, रोजगार बुडतो. कधीकधी अंगावरही बेततं. ते कसं, ते पुढे सांगतो.

तीन सूत्रं लक्षात ठेवा. जड वस्तू खाली आणि पक्की. हाताने करायचं ते सगळं वर, हाताशी. आणि मशीन उचलायचं ते एकदाच.

आधी माणूस मोजा, मग टेबल

आपण काय करतो? टेबल आणतो आणि माणसाला त्यात बसवतो. उलट करा. माणूस त्याच्या नेहमीच्या व्हीलचेअरवर, नेहमीच्या गादीवर बसू द्या. टेप घ्या आणि तीन मापं लिहून काढा.

पहिलं माप जमिनीपासून गुडघ्याच्या वरच्या बाजूपर्यंत. त्याच्यावर चार बोटं मोकळी राहिली पाहिजेत. साधारणपणे टेबलाखाली ७० सेंटीमीटर उंची मोकळी लागते. पण मोठी गादी वापरणारा किंवा उंच माणूस असेल तर जास्त लागेल, म्हणून त्याचंच माप घ्या. बाजारातल्या कॉम्प्युटर टेबलाला कीबोर्डचा सरकता ट्रे असतो, तो नेमका गुडघ्यावर आपटतो. तो काढून टाका.

दुसरं माप रुंदीचं. टेबलाच्या दोन पायांमध्ये किमान ८० सेंटीमीटर मोकळं हवं. खुर्ची ६५ सेंटीमीटरची असली तरी चाकं फिरवणारे हात बाहेर असतात, हे विसरू नका. आणि मधे आडवी पट्टी नको, पावलाचं फूटरेस्ट तिच्यात अडकतं.

तिसरं माप हाताच्या पोचेचं. कोपर अंगाशी ठेवून हात फिरवला की जेवढी जागा येते तिथे रोजच्या वस्तू. हात पूर्ण लांब केला की जी जागा येते तिथे अधूनमधून लागणाऱ्या. त्यापलीकडे काहीच नको. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचा छापखाना होता. तिथे आश्रमातल्या स्त्रियाच खिळे जुळवायच्या. जुन्या छापखान्यातली खिळ्यांची पेटी आठवा. जी अक्षरं सारखी लागतात त्यांचे कप्पे हाताजवळ, क्वचित लागणारी अक्षरं कडेला. शिसं जड, अक्षरं शेकडो, आणि तरीही दिवसभर काम व्हायचं, कारण पेटीची रचना हाताच्या हिशेबाने केलेली असायची. आपल्याला तेच करायचं आहे.

खोलीचंही बघा. दरवाजा ९० सेंटीमीटर मोकळा असला तर उत्तम. खुर्ची पूर्ण वळवायला दीड मीटर व्यासाची जागा लागते. उंबरा असेल तर उतार करा, आणि उताराचा हिशेब एकास बारा. म्हणजे १५ सेंटीमीटरच्या पायरीला १८० सेंटीमीटर लांब उतार. त्याहून उभा केला तर चढताना खुर्ची मागे कलंडते.

उचलण्याचं काम

साधं कॅबिनेट आठ-दहा किलोचं असतं. डीटीपीसाठी किंवा व्हिडिओच्या कामासाठी घेतलेलं मोठं मशीन, त्यात मोठं ग्राफिक कार्ड, काचेची बाजू, तर पंधरा-वीस किलोपर्यंत जातं. एक केव्हीएचा यूपीएस दहा किलोच्या आसपास, आणि तो दिसतो लहान म्हणून जास्त फसवतो. उचलताना कंबरेला हिसका बसतो तो अशा लहान जड वस्तूने.

हे कुणी उचलायचं? बहुतेक घरांत उचलतात ती आई किंवा बायको. तीच बाई रोज त्या माणसाला पलंगावरून खुर्चीत घेते. तिची कंबर गेली तर दोघांचंही रोजचं चाक थांबतं. म्हणून दोन तगडी माणसं बोलवा, शेजारचा पोरगा बोलवा, आणि एकदाच काय ते बसवून घ्या. आधी सगळ्या वायरी काढा. काचेची बाजू सुटी करून वेगळी गुंडाळा, ती फरशीला नुसता कोपरा लागला तरी फुटून चुरा होते. गुडघ्यात वाका, मशीन पोटाशी धरा, अंग न पिळता पावलं वळवा. जमिनीवरून सरकवायचं असेल तर खाली पोतं किंवा जुनी गोधडी घाला आणि ओढा.

पुण्याहून किंवा नगरहून आणायचं असेल तर मोटरसायकलवर मांडीत धरून आणू नका. गाडीत मागच्या सीटवर आडवं ठेवा, मदरबोर्ड खाली येईल अशा बाजूवर. म्हणजे जड कार्ड लोंबकळत राहत नाही. खड्ड्यांनी निघतं ते कार्ड आणि त्याची जागा.

कॅबिनेट ठेवायचं कुठे

टेबलावर ठेवलं तर कामाची जागा जाते, आणि टेबल हललं तर वीस किलो अंगावर येण्याची भीती. जमिनीवर ठेवलं तर धूळ, फरशी पुसल्याचं पाणी, मुंग्या, पाली, आणि फूटरेस्टचा रोजचा धक्का. म्हणून तिसरा मार्ग. टेबलाच्या बाजूला, जमिनीपासून एक वीतभर उंच, रुंद बैठकीचा स्टँड. मागे गरम हवा जायला किमान दहा सेंटीमीटर जागा.

कुठल्या बाजूला? माणूस ज्या बाजूने पलंगावरून खुर्चीत येतो ती बाजू पूर्ण मोकळी सोडा. कॅबिनेट दुसऱ्या बाजूला. हा प्रश्न दुकानदार विचारत नाही, तुम्ही विचारला पाहिजे.

आता टेबलाचं. पाठीच्या कण्याला इजा झालेली माणसं दर थोड्या वेळाने हातावर जोर देऊन अंग उचलतात, नाहीतर बसल्या जागी कातडीवर दाब येऊन जखमा होतात. डॉक्टरांनीच तसं शिकवलेलं असतं. हात टेकायचा कुठे? खुर्चीच्या हातांवर टेकावा हे बरोबर, पण समोर टेबल असलं की माणूस त्यावरही जोर देतो. म्हणून टेबल घडीचं नको, चाकांचं नको, भुशाच्या फळीचं नको. मागून दोन एल-पट्ट्या लावून भिंतीला पक्कं करा. मॉनिटर भिंतीवरच्या ब्रॅकेटला लावता आला तर फार चांगलं. बहुतेक मॉनिटरच्या पाठीला ७५ किंवा १०० मिलीमीटर अंतरावर चार स्क्रूची भोकं असतात. टेबल कितीही हललं तरी पडदा डोक्यावर येत नाही.

स्टँड विकत मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी मापात बसेल असं नाही. पण गावात वेल्डिंगवाला आहे ना? शिरूर तालुक्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेच्या चौकटीत न रमलेल्या पोरांना हाताने काम करत शिकवायचं, वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, हा त्यामागचा विचार. २००२ मध्ये तिथे फॅब लॅबही उभी राहिली. मला सांगायचं आहे ते हे की, लोखंडी अँगलची चौकट, मापाचा उतार, नीट केलेलं अर्थिंग, ही कौशल्यं आपल्याच भागात शिकवली जातात. यासाठी परदेशी वस्तूची गरज नाही. अँगल, चार रबरी बूट, आणि पुढे दोन बोटं उंच पट्टी, म्हणजे कॅबिनेट सरकून पडणार नाही. मात्र वेल्डिंगवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा. प्रत्येक कड कानस मारून गुळगुळीत कर आणि पायाच्या बाजूला रबर लाव. का, ते लगेच येतं आहे.

ज्या पायाला कळत नाही

ज्या माणसाच्या पायाला संवेदना नाही, त्याला अँगलची कड लागलेली कळत नाही. रक्त दिसतं तेव्हाच समजतं. यूपीएस पायाशी ठेवला, तासन्‌तास त्याची ऊब लागत राहिली, भाजलं, तरी कळत नाही. तशी जखम भरायला कित्येक आठवडे जातात आणि तेवढा काळ माणूस खुर्चीत बसू शकत नाही, म्हणजे कामही बंद. म्हणून यूपीएस, चार्जर, अडॅप्टर यांतलं काहीही पायांच्या जागेत नको. कॅबिनेटच्या मागून येणारी गरम हवा पायांकडे वळलेली नको.

मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा असेल तर इजेखालच्या अंगाला घामही नीट येत नाही. एप्रिल-मे महिन्यात दौंडकडचं ऊन काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. पत्र्याच्या खोलीत मशीनसाठी पंखा लावतात, तो माणसासाठी आधी लावा. आणि त्याचं बटण हाताशी.

वीज : इथे तडजोड नाही

कॅबिनेट लोखंडी, व्हीलचेअर लोखंडी. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, असं बरेच जण हसत सांगतात. त्याचा अर्थ अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह पत्र्याकडे येतो, तो अर्थच्या तारेने जमिनीत जायचा असतो. तार नसली की तो तुमच्या हाताची वाट बघत बसतो. एवढ्याने माणूस मरत नाही. पण उद्या आत खरोखर बिघाड झाला तर पूर्ण दाबाची वीज त्याच पत्र्यावर येईल. चालणारा माणूस झटका बसून मागे उडी मारतो. खुर्चीतला माणूस मारू शकत नाही.

म्हणून वायरमनला बोलावून मीटरने मोजून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढे व्होल्ट, जवळपास तेवढेच फेज आणि अर्थमध्ये आले पाहिजेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त येत असतील तर कारण शोधा. आपला भाग कमी पावसाचा. उन्हाळ्यात मुरमाड जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावं लागतं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घालू नका.

त्याच्या जोडीला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा. वीज गळू लागली की ती क्षणात पुरवठा तोडते. काही जण विचारतात, आरसीसीबी आहे मग अर्थिंग कशाला? अर्थिंग असेल तर गळती जमिनीत जाते आणि कुणी हात लावण्याआधीच आरसीसीबी पडते. अर्थिंग नसेल तर ती पडते, पण गळती कुणाच्या तरी अंगातून गेल्यावर. तिच्यावर चाचणीचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघा.

सॉकेट कुठे? जमिनीलगत नको, डोक्यावर नको. टेबलाच्या पृष्ठभागाच्या जरा वर, हाताच्या पोचेत. कॉम्प्युटर आणि मॉनिटरला ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. लेझर प्रिंटर मात्र वेगळ्या सॉकेटवर, यूपीएसवर कधीच नाही, तो गरम होताना एकदम मोठा भार ओढतो.

शेतीची थ्री-फेज लाइट आली की ऑटो स्टार्टरवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि घरातला दिवा मान टाकतो. त्यासाठी यूपीएस हवाच. पण ६०० व्हीएचा यूपीएस काम चालू ठेवायला नाही, दहा-पंधरा मिनिटांत काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला आहे. तेवढ्या वेळात बंद करणारा हात तिथे पोचला पाहिजे.

आणि वळवाचा पाऊस. वीज कडाडायला लागली की प्लग काढायचा असतो, नुसतं बटण बंद करून भागत नाही. इंटरनेटची तांब्याची केबल असेल तर तीही काढायची. फायबरमधून विजेचा लोळ येत नाही, पण त्याच्या मोडेमचा अडॅप्टर प्लगमध्येच असतो. हे सगळं खुर्चीतल्या माणसाला एकट्याने करता यायला हवं, कारण वळीव घरात माणसं असताना विचारून येत नाही.

बटण वर आणायचं कसं

कॅबिनेट खाली आणि बटण वर, हे कसं जमवायचं? तीन उपाय. एक, लांब वायरचं टेबलावर ठेवायचं पॉवर बटण मिळतं. त्याची टोकं मदरबोर्डवर जोडतात, त्यात फारतर पाच व्होल्ट असतात, धोका नाही. दोन, काही मदरबोर्डच्या बायॉसमध्ये कीबोर्डने मशीन सुरू करायची सोय असते. तीन, चार खाचांचा यूएसबी हब टेबलाच्या कडेला दुहेरी चिकटपट्टीने घट्ट बसवा, म्हणजे पेनड्राइव्हसाठी वाकायला नको. हेडफोनचं टोकही तिथेच.

बायॉसमध्ये वीज गेल्यावर परत आली की मशीन आपोआप सुरू व्हावं अशीही सोय असते. ती बंद ठेवा. लाइट ये-जा करत असताना मशीन सारखं सुरू-बंद झालं तर डिस्क आणि फाइली दोन्ही जातात.

हाताची बोटं नीट चालत नसतील तर विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबा, स्टिकी कीज सुरू होतात. मग कंट्रोल आणि दुसरं बटण एकदम दाबावं लागत नाही, एकामागून एक दाबलं तरी चालतं. अंध व्यक्तीसाठी एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम मोफत आहे, तो मराठीही वाचतो.

वायरी भिंतीलगत केसिंग-पट्टीतून न्या. चाकाखाली एकही वायर नको. चाक रोज तिच्यावरून गेलं की वरून सालपट दिसत नाही, आत तांबं उघडं पडतं.

सोपवण्याआधीची परीक्षा

सगळं बसवून झालं की बाकीच्यांनी खोलीबाहेर जायचं. खुर्चीतल्या माणसाने एकट्याने एवढं करून बघायचं : आत येणं, मशीन सुरू करणं, पेनड्राइव्ह लावणं, यूपीएसची शिट्टी वाजली की मशीन बंद करणं, प्लग काढणं, फोन उचलणं, आणि दिवे बंद असताना दारापर्यंत जाणं. यातलं जे जमलं नाही, ते त्याचं अपंगत्व समजू नका. ती मांडणीतली चूक आहे, ती दुरुस्त करा.

खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये १९७४ पासून कण्याला इजा झालेले जवान राहतात, शिकतात. अशा संस्थेत दरवाजे, टेबलं, उतार सगळं विचारपूर्वक असतं. माणूस तिथे स्वतःचं स्वतः करायला शिकतो, आणि गावी आला की एका उंबऱ्यावर आणि एका प्लगवर अडतो. शिकलेलं टिकवायचं असेल तर घर त्याच्या मापाचं करावं लागेल.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*एवढ्या खटाटोपापेक्षा लॅपटॉप का नको?*

काम भागत असेल तर जरूर घ्या. पण मांडीवर ठेवू नका, आत्ताच सांगितलं ते भाजण्याचं कारण. टेबलावर ठेवला की पडदा खाली येतो आणि मान दुखते, मग तो उंच करून वेगळा कीबोर्ड लावावा लागतो. मोठा पडदा, मोठ्या कळा, गावातल्या गावात दुरुस्ती, यासाठी डेस्कटॉप बरा पडतो.

*आमची खोली दहा बाय दहाची आहे. दीड मीटर कुठून आणू?*

वळायला जागा नसेल तर टेबल दाराच्या सरळ रेषेत ठेवा. मागे सरळ खुर्ची घेत बाहेर येता आलं पाहिजे. त्या वाटेत चप्पल, बादली, पोती काही नको.

*स्टँडला चाकं लावली तर? दुरुस्तीला सोपं पडेल.*

कॅबिनेटच्या स्टँडला लावा, पण लॉक असलेली, आणि लॉक कायम लावलेलं. टेबलाला मात्र नाही. त्यावर माणूस अंगाचा भार टाकतो.

*खर्चाला मदत कुठून मिळेल?*

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. यूडीआयडी कार्ड जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात नुसतं कॉम्प्युटर लिहू नका. उतार, अर्थिंग, आरसीसीबी, स्टँड असं एकेक मापासकट लिहा. आणि ग्रामसभेला स्वतः जा. ग्रामपंचायतीच्या दारात उतार आहे का नाही, हेही त्या निमित्ताने सगळ्यांना दिसेल.